मेलेला मूस आणि गच्चीवरचा काउबॉय

1903 सालचे एक छायाचित्र आहे. न्यू जर्सीतल्या होबोकन गावी, राहत्या इमारतीच्या गच्चीवर चित्रकार चार्ल्स श्रायफोगेल चित्र रंगवतो आहे आणि समोर सरहद्दीवरच्या वीराच्या वेषातला मॉडेल हत्यार रोखून बसला आहे. (होबोकनला लागून असलेल्या जर्सी सिटीत आज मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या गच्चीवरून जेवढी ‘पश्चिम’ दिसते, तेवढीच या गच्चीवरून दिसत असणार.)

वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन आर्टमध्ये 1991 साली भरलेल्या ‘द वेस्ट ॲज अमेरिका’ या प्रदर्शनाचा सारा युक्तिवाद या एका छायाचित्रात मावतो. 1820 ते 1920 या काळातली ही चित्रे म्हणजे इतिहासाची साक्ष नव्हे. पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांसाठी रचलेले ते विस्ताराचे समर्थन होते, असे संयोजक विल्यम ट्रुएटनर यांचे म्हणणे होते. चित्रांशेजारच्या पाट्यांवर ते स्पष्ट लिहिलेले होते. त्यावरून गदारोळ उठला. इतिहासकार डॅनियल बूर्स्टिन यांनी अभिप्रायवहीत कडक निषेध नोंदवला, सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी सरकारी पैशाचा विषय काढला, काही पाट्यांचा मजकूर बदलावा लागला. सेंट लुइस आणि डेन्व्हर इथे ठरलेला पुढचा प्रवास झालाच नाही.

पाट्या बोजड होत्या, हा आक्षेप मला मान्य आहे. रेमिंग्टनच्या ‘फाइट फॉर द वॉटर होल’मध्ये आटत आलेल्या पाणवठ्याच्या खड्ड्यात मूठभर माणसे बंदुका घेऊन पडून आहेत आणि लांब क्षितिजाकडे घोडेस्वार घिरट्या घालताहेत. ते तापलेले रान डोळ्यांत भरण्याआधीच त्याचा अर्थ हातात ठेवला, तर प्रेक्षक चिडणारच. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

वन्यजीवचित्रांच्या दालनांत तो प्रश्न क्वचितच विचारला जातो. चित्रात प्राणी असला की चित्र निष्पाप, असे आपण धरून चालतो. वायोमिंगमधल्या जॅक्सनच्या नॅशनल म्युझियम ऑफ वाइल्डलाइफ आर्टमध्ये कार्ल रुंगियसच्या (1869–1959) चित्रांचा मोठा संग्रह आहे. हा जर्मनीतून आलेला चित्रकार पट्टीचा शिकारी होता. जनावर मारायचे, दोऱ्यांनी ताणून जिवंत असल्यासारखे उभे करायचे आणि मग रंगवायचे, ही त्याची रीत. त्याचे मूस आणि एल्क अस्सल वाटतात, कारण स्नायूंवर पडणारा उजेड त्याने समोर पाहिलेला आहे. तरीही तो मूस गच्चीवरच्या काउबॉयचा सख्खा भाऊच. चित्रात दोरी दिसत नाही, एवढेच.

ही दोन दालने एकत्र आणणारे चित्र आल्बर्ट बीअरस्टाटने 1888 साली रंगवले : ‘द लास्ट ऑफ द बफेलो’. सुमारे दहा फूट रुंद. मागे बर्फाची शिखरे, नदी, नजर पोचेल तिथवर बायसनचा कळप; पुढे कवट्या आणि पडलेली जनावरे; मधोमध पांढऱ्या घोड्यावरचा मूळनिवासी स्वार भाला उगारतो आहे आणि बायसन घोड्याच्या पोटात शिंगे खुपसतो आहे. त्या सुमारास सबंध उत्तर अमेरिकेत जेमतेम हजारभर बायसन उरले होते. त्यांचा फडशा पाडला तो कातडीच्या व्यापाऱ्यांनी नेमलेल्या बंदूकधाऱ्यांनी, आणि माल वाहून नेला रेल्वेने. चित्रात ना बंदूक आहे, ना रूळ. मारणारा आहे तो भालेवाला; म्हणजे ज्याचे अन्नच त्या कळपाबरोबर संपले, तो. इतक्या देखण्या शोकचित्रात खुनाचा आळ असा अलगद बळीच्याच माथी येतो, आणि पाटी गप्प राहिली तर पाहणाऱ्याला कळतही नाही. 1889च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकी निवड समितीने हे चित्र नाकारले, ते मात्र शैली जुनी झाली म्हणून.

जॅक्सनच्या संग्रहालयासमोर खऱ्या एल्कांचे अभयारण्य पसरले आहे. हिवाळ्यात तिथे हजारो एल्क उतरतात. त्यांच्या जुन्या वाटा आणि कुरणे माणसांनी व्यापल्यामुळे 1912 पासून त्यांना सरकारी चारा घातला जातो आहे. रुंगियसच्या एकाही चित्रात हा चारा नाही.