'यक्षी' हे नाव आणि वाखाचे शिल्प

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांच्या शिल्पांचा विचार करताना एक सोपा मार्ग हाताशी असतो. शिल्पाचे नाव 'यक्षी', 'देवी' किंवा 'वनश्री'. तेव्हा ते प्राचीन मूर्तिपरंपरेचे अपत्य होय, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येते. नावावरून वस्तूचे कुल ठरविण्याचा हा मोह भाषाभ्यासकास चांगला परिचित आहे. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

भारहुतच्या कठड्यावर यक्षींच्या आकृतींजवळ त्यांची नावे ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेली आहेत. तेथे 'यखी' हा शब्द पाषाणाचाच एक भाग असून तो विशिष्ट देवतेची ओळख पटवितो. वृक्षाची फांदी धरणारा हात, पायाखालचे वाहन ही चिन्हे त्यास दुजोरा देतात. मुखर्जींच्या 'यक्षी'त (१९८४) असा आधार शोधू जावे तर निराशाच पदरी येते. रंगविलेल्या वाखाच्या दोऱ्यांना, माग न वापरता, हाताने गाठीवर गाठ मारून ती घडविली आहे. तिचे अवयव देहाचे की वनस्पतीचे, हे निश्चयाने सांगणे कठीण. येथे नाव ओळख पटवीत नाही. पाहणाऱ्यास केवळ दिशा दाखविते.

मग वारसा कोठे आहे? माझ्या मते तो प्रेक्षकास समोर उभे करण्याच्या रीतीत आहे. यांतील कित्येक आकृती माणसाहून उंच आहेत. दोर आपल्याच भाराने ओघळतो, त्याच्या घड्या पडतात, आणि त्या घड्यांच्या आत एक काळोखी पोकळी राहते. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर जे किंचित दडपण येते त्याची जात हीच. बडोद्यास के. जी. सुब्रमण्यन यांच्यापाशी शिकलेल्या या कलावतीने कारागिराची सामग्री कलादालनात आणली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या सामग्रीच्या जडत्वालाच तिने अर्थ दिला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

उलट पुरावाही उपलब्ध आहे. अखेरच्या वर्षांतील ब्राँझच्या शिल्पांना 'पामस्केप' असे इंग्रजी घडणीचे नाव मिळाले. पुराणाचा आधार गेला, तरी ताडवर्गीय झाडाच्या पात्यांचे ते ओतीव आकार उत्खननात सापडलेल्या अवशेषांसारखेच भासतात. नावातच वारसा असता तर तो येथे लोपावयास हवा होता.

एक प्रश्न मात्र संग्रहालयांपुढे उरतो. भारहुतचा पाषाण दोन सहस्र वर्षे टिकला. वाखास धूळ, कसर आणि प्रकाश यांचे भय आहे, आणि रंग उडालेली 'यक्षी' ही तीच 'यक्षी' मानावयाची काय, हे अद्याप ठरावयाचे आहे.