विद्रोहाचा राग आणि घरातला राग

दलित साहित्यावर बोलताना 'राग' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. बाबुराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाने प्रस्थापित समीक्षेची झोप उडवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच सुमारास नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. पांढरपेशे समीक्षक या लेखनाला आक्रस्ताळे म्हणत होते. तेव्हा हा राग न्याय्य आहे हे ठणकावून सांगणे आपले कामच होते. मीही वीस वर्षे वर्गात आणि व्यासपीठावर तेच सांगत आलो. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. पण हा राग कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तो मला माझ्याच घरात विचारला गेला.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सात वर्षांचा असल्यापासून त्याला रागाचे झटके येतात. निमित्त क्षुल्लक असते. भाकरी गार झाली, वहीचे पान दुमडले. पुढचा तासभर घर आमच्या हातात राहत नाही. ताटे भिरकावली जातात, आईच्या दंडावर चाव्याचे वळ उठतात, धाकटी मोरीत जाऊन आतून कडी लावते. मग तो गाढ झोपतो. उठल्यावर फुटलेले तुकडे स्वतःच गोळा करतो आणि कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

गेल्या वर्षी १४ एप्रिलला वस्तीतल्या कार्यक्रमात त्याने एक कविता म्हटली. टाळ्या थांबेनात. "सर, वाघ आहे पोरगा!" एक कार्यकर्ता म्हणाला, आणि माझी छाती फुगली. त्याच रात्री त्याने आईचा हात पिरगळला. मनगटाचे हाड मोडले. मी त्याला पट्ट्याने मारले. रागावर भाषणे देणाऱ्या माणसाला यापलीकडे काही सुचले नाही.

या मुलाबद्दल मला तीन स्पष्टीकरणे मिळाली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे वातावरणच तसं असतं ना." त्या 'तुमच्याकडे'त आमची जात होती. माझी थोरली बहीण म्हणाली, "भाऊ, पोराला बाहेरचं झालंय, उतरवून घे." कार्यकर्त्याने वाघ म्हटले. एकाने जात पाहिली, एकाने भूत पाहिले, एकाने चळवळ पाहिली. मूल कोणीच पाहिले नाही. तिसऱ्या चुकीत मीही सामील होतो.

याच काळात मी फ्रांट्झ फॅनन यांचे 'द रेचेड ऑफ द अर्थ' (१९६१) पुन्हा वाचले. आपण त्यांचे हिंसेवरचे पहिले प्रकरण वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण फॅनन मनोविकारतज्ज्ञ होते. अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. याच पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात त्यांनी रुग्णांच्या नोंदी दिल्या आहेत. आपल्या युरोपीय सवंगड्याला ठार मारणारी तेरा आणि चौदा वर्षांची दोन अल्जीरियन मुले तिथे आहेत. कैद्यांचा छळ करता करता घरी बायकोमुलांनाही मारू लागलेला पोलीस अधिकारीही तिथे आहे. गुलामाच्या रागाची बाजू घेणारा हा लेखक त्या रागाने मोडलेल्या माणसाची नाडीही तपासतो. आपल्या समीक्षेने पहिले काम उचलले आणि दुसरे सोडून दिले.

आपल्याकडे ते कोणी केलेच नाही असे नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आषाढातल्या अंगात येण्याची वर्णने केली आहेत. आपण ती अंधश्रद्धेवरची टीका म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण एरवी जिचे कोणी ऐकत नाही अशा बाईच्या देहाने काढलेली वाटही मला त्यात दिसते. घरातला राग कोणाच्या अंगावर पडतो, हे आपल्या बायकांना आधीपासून माहीत होते. माझ्या बायकोला तर ते विचारायचीही गरज नव्हती.

शेवटी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. बहिणीला मी एरवाडीची गोष्ट सांगितली. तामिळनाडूतल्या त्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला बंदी केली आणि सरकारी उपचार हा हक्क ठरवला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, आणि आम्हालाही शिकवले. झटका चालू असताना वाद घालायचा नाही, आवाज खाली ठेवायचा, धाकटीला आधी दूर न्यायचे. झोप, भूक, शाळेतला प्रसंग वहीत टिपायचा. मारायचे नाही. शांत झाल्यावर मात्र झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडूनच करून घ्यायची.

त्या वहीने मला आणखी एक गोष्ट दाखवली. शाळेत 'तुमच्याकडे' ऐकावे लागले, त्या आठवड्यात झटके वाढलेले दिसतात. म्हणजे जात इथेही आहे. पण आजार जातीमुळे चिघळतो म्हणून आजाराला विद्रोह म्हणता येत नाही. विद्रोह करणारा माणूस आपला शत्रू निवडतो. माझा मुलगा काही निवडत नाही. तो मला एकदा म्हणाला, "बाबा, ते सुरू झालं की मलापण भीती वाटते."

हे वाक्य आपल्या साहित्यात कुठे आहे? आपल्या आत्मकथनांतले मूल उपाशी आहे, अपमानित आहे, पुढे लढणारे आहे. स्वतःच्या रागाला घाबरणारे मूल मला तिथे भेटले नाही. आधीच बदनाम केलेल्या आपल्या घरांची आणखी बदनामी होईल, या भीतीने आपण ते लिहीत नसू. पण लपवल्याने 'तुमच्याकडे' म्हणणारे गप्प बसत नाहीत. एकटी पडते ती आई.

शिक्षक मित्रांनो, असे मूल वर्गात असेल तर त्याच्या घरात जात शोधू नका. कार्यकर्त्यांनो, त्याला वाघ म्हणू नका. आणि लेखकांनो, हे लिहा.

परवा एकवीस दिवसांनी झटका आला. त्याने एकच ताट फेकले. मग स्वतःच मोरीजवळ गेला आणि धाकटीला म्हणाला, "उघड, संपलं." वहीत मी तारीख टाकली.