काचेचा कलिनन : ‘मूळ’ शोधताना काय सुटतं?



तत्त्वज्ञानाच्या माणसांनी हिऱ्यांच्या भानगडीत कशाला पडावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण आज आम्ही बोलणार आहोत ते काचेबद्दल.

जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि लिलावात एक पेटी अधूनमधून दिसते. आत मखमल, मखमलीत खाचा, आणि त्या खाचांत काचेचे नऊ खडे. दक्षिण आफ्रिकेतल्या कलिनन हिऱ्यातून जे नऊ मोठे हिरे निघाले, त्यांच्या या प्रतिकृती. काही पेट्यांत न कापलेल्या दगडाचाही काचेचा नमुना असतो. हिऱ्यांच्या खाणउद्योगाच्या आठवणी जमवणारे लोक या पेट्यांच्या मागे असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही पेटी मूळची कुठली, आणि केव्हाची?

प्रश्न रास्तच आहे. तो ज्या रीतीने सोडवला जातो, त्या रीतीबद्दल मात्र आमची तक्रार आहे.

आधी दगडाची हकीकत थोडक्यात. २६ जानेवारी १९०५ रोजी प्रिटोरियाजवळच्या प्रीमियर खाणीत हा दगड सापडला. वजन ३,१०६ कॅरट, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. खाणीवरचे व्यवस्थापक फ्रेडरिक वेल्स यांना तो दिसला, आणि नाव मिळालं ते खाणीचे अध्यक्ष थॉमस कलिनन यांचं. वेल्स यांना आधी ती काचच वाटली, कोणीतरी थट्टा करायला पुरून ठेवलेली, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, काच या गोष्टीत पहिल्या दिवसापासून आहे. दगड लंडनला पाठवताना बोटीवर कडेकोट पहाऱ्यात नकली दगड ठेवला आणि खरा साध्या पार्सलने टपालातून गेला, असंही सर्रास सांगितलं जातं. म्हणजे कलिननच्या नकलेला मिळालेलं पहिलं काम लोकांना फसवण्याचं होतं! शोभेची वस्तू ती नंतर झाली.

१९०७ मध्ये ट्रान्सव्हाल सरकारने हा दगड दीड लाख पौंडांना विकत घेऊन राजा सातवा एडवर्ड याला वाढदिवसाची भेट दिली. १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅशर घराण्याने तो फोडला. त्यातून नऊ मोठे आणि ९६ बारीक हिरे निघाले. सगळ्यात मोठा राजदंडात गेला, दुसरा मुकुटात.

आता पेटीकडे वळू. जाणकार संग्राहक तिचं वय कसं ठरवतो? त्याच्या कसोट्या खरोखर सुंदर आहेत, त्यांचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पहिली कसोटी तराजूची. हिऱ्याची घनता साधारण ३.५, साध्या काचेची २.५. कलिननच्या आकाराचा साध्या काचेचा गोळा सुमारे ४४० ग्रॅम भरेल. शिसं घातलेली काच त्याहून जड. नमुना तोलून पाहिला की काच कुठल्या जातीची आणि नमुना पूर्ण आकाराचा आहे की नाही, याचा अंदाज येतो.

दुसरी कसोटी लेबलावरच्या आकड्यांची. पूर्वी प्रत्येक देशाचा कॅरट थोडा वेगळा असे. इंग्लंडचा जुना कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. १९०७ मध्ये पॅरिसच्या परिषदेने २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट मान्य केला, आणि ब्रिटनमध्ये तो १९१४ पासून चालू झाला. हिरा तोच, पण आकडा बदलला. पहिल्या कलिननचं वजन जुन्या मापात ५१६½, नव्या मापात ५३०.२. दुसऱ्याचं जुन्यात ३०९, नव्यात ३१७.४.

तिसरी कसोटी नावाची. २००३ पर्यंत ही खाण ‘प्रीमियर’ होती, त्या वर्षी तिला ‘कलिनन’ हे नाव दिलं गेलं. पेटीवर ‘कलिनन खाण’ छापलेलं असेल तर पेटी म्हातारी नाही, एवढं नक्की.

इथे जरा थांबू या. लेबलावर ५१६½ लिहिलंय म्हणून पेटी १९१४ च्या आधीची, असं अनुमान पुष्कळ जण काढतात आणि त्यावर किंमत चढवतात. आपले नैयायिक याला व्यभिचारी हेतू म्हणतील. धूर दिसला म्हणजे अग्नी असतो, पण अग्नी दिसला म्हणजे धूर असतोच असं नाही. १९५० साली एखाद्याने जुन्या पुस्तकातून जुना आकडा उतरवून घेतला असेल, तर त्याला कोण अडवणार? नवा आकडा ‘याच्या आधीची नाही’ असं सांगू शकतो. जुना आकडा मात्र ‘याच्या नंतरची नाही’ असं कधीच सांगू शकत नाही. एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मे वाद मिटतील.

पण आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय?

नऊ खड्यांची गोष्ट सोपी आहे. त्यांची मुळं राजघराण्याच्या मालकीची, त्यांतली दोन मोठी लंडनच्या टॉवरमध्ये. नक्कल इथे, अस्सल तिथे. पण न कापलेल्या दगडाच्या नमुन्याचं काय? त्याचं मूळ आज कुठेच नाही. १९०८ मध्ये ते फोडलं गेलं. त्या दगडाचा आकार आता फोटोंत आणि नमुन्यांतच उरला आहे. मूळ गेलं आणि नक्कल राहिली! आपल्या कोहिनूरचंही हेच झालं. १८५२ मध्ये लंडनला त्याला नव्याने पैलू पाडले, १८६ कॅरटांचा हिरा १०५ वर आला, आणि त्याची मोगली घडण कायमची गेली. ती घडण कशी होती हे अभ्यासकांना सांगितलं ते आधी घेतलेल्या प्लास्टरच्या ठशाने. तेव्हा ‘नक्कलच ती, तिला काय किंमत’ असं म्हणण्याची घाई नको.

कलिननचं प्रकरण तर आणखी मागे जातं. त्या दगडाची एक बाजू सपाट, तुटल्यासारखी होती. म्हणून तो याहून मोठ्या हिऱ्याचा तुकडा असावा, असं तेव्हापासून मानत आले आहेत. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तेही तुकडाच.

मग पेटीवर टीका कशाबद्दल? ती काय दाखवत नाही, याबद्दल. वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, आणि अभाव नेहमी कशाचा तरी असतो, असं बजावलं. या पेटीत दोन अभाव आहेत.

पहिला वजनाचा. ३,१०६ कॅरटांतून पैलू पाडून हाती आले सुमारे १,०५६. दोन तृतीयांश दगड घासण्यात आणि फोडण्यात गेला. पेटी मांडते ते उरलेलं, आणि मांडणी अशी की जणू निसर्गाने नऊच खडे घडवले होते. हा प्रध्वंसाभाव : होतं, आणि नाहीसं केलं गेलं.

दुसरा अभाव माणसांचा. अध्यक्षांचं नाव दगडाला आहे, व्यवस्थापकांचं नाव कथेत आहे, पैलू पाडणाऱ्यांचं नाव हिऱ्यांच्या एका घाटाला आहे. ती खाण खणणाऱ्या काळ्या मजुरांपैकी एकाचंही नाव पेटीवर नाही, पेटीविषयी लिहिलेल्या मजकुरातही नाही. किंबर्लीच्या खाणींत १८८५ च्या सुमाराला बंदिस्त कंपाउंड सुरू झाली. करार संपेपर्यंत मजुराने आवाराबाहेर पडायचं नाही, आणि जाताना अंगावरचे कपडे उतरवून झडती द्यायची. ही पद्धत पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत पसरली. खाणउद्योगाची आठवण म्हणून पेटी विकली जाते. मग उद्योगाचा हा भाग आठवणीतून कोणी काढला?

आणखी एक तारीख आपल्या लोकांना ठाऊक हवी. ज्या १९०७ साली ट्रान्सव्हालच्या कायदेमंडळाने हिरा भेट देण्याचं ठरवलं, त्याच वर्षी त्याच कायदेमंडळाने आशियाई लोकांच्या नोंदणीचा कायदा केला. परवाने आणि बोटांचे ठसे. त्याला विरोध केला म्हणून जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी जोहान्सबर्गच्या तुरुंगात होते, आणि फेब्रुवारीत अ‍ॅमस्टरडॅमला हिरा फोडला गेला. दगडाच्या तुकड्यांना क्रमांक आणि मान, माणसांच्या वाट्याला ठसे.

कोणी म्हणेल, अहो, एक शोभेची पेटी, तिच्यावर एवढं ओझं कशाला? बिचाऱ्या काचेचा काय दोष! आक्षेप आम्हाला मान्य आहे, निम्मा. दोष काचेचा नाही, वर्णनाचा आहे. वस्तूचं मूळ सांगताना आपण मालकांची साखळी सांगतो : याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून राजाकडे. मालकांची साखळी हा वस्तूचा इतिहास नव्हे, तो हक्काचा इतिहास आहे.

आणि हे फक्त इंग्रजांना सुनावून चालणार नाही. कोहिनूर परत द्या, असं आपण मोठ्याने म्हणतो. म्हणावंही. पण म्हणताना आपण कोणाची नावं घेतो? मोगल, नादिरशहा, रणजितसिंह. तो कृष्णेकाठच्या कोल्लूर खाणीतला असावा, असं मानतात. सतराव्या शतकात तिथे गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने त्या खाणीवर साठ हजारांच्या आसपास माणसं, बायका आणि मुलं राबत असल्याचं लिहून ठेवलंय. त्यांतलं एक नाव आपल्याला येतं का? मग आपली साखळी लंडनच्या साखळीपेक्षा वेगळी कशी?

नावं आता मिळणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण नावं नाहीत हे लिहिता तर येतं! संग्रहालयाच्या पाटीवर, लिलावाच्या यादीत, तुमच्या घरच्या कपाटातल्या चिठ्ठीवर चार ओळी पुरेत. काच कसली, आकडे कोणत्या कॅरटातले. या आकाराचं मूळ आता अस्तित्वात नाही. दगडाचा दोन तृतीयांश भाग गेला. ज्यांनी खाण खणली त्यांची नावं नोंदलेली नाहीत. एवढ्याने पेटीची किंमत घटणार नाही. घटलीच, तर ती किंमत कशाची होती हे कळेल.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.