जॉय लोबोची खिडकी

'थ्री इडियट्स'मध्ये जॉय लोबोच्या वाट्याला मोजकेच संवाद आहेत, आणि कथा रंगात यायच्या आत तो तिच्यातून निघून जातो. तरी राजकुमार हिराणींच्या या चित्रपटातला सर्वांत बांधेसूद प्रसंग त्याचाच आहे. आपल्या सिनेमानं ड्रोनकडे इतक्या खोलवर पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. चित्रपट लागला २५ डिसेंबर २००९ रोजी. चार पंख्यांचा, कॅमेरा लावलेला ड्रोन कुणीही दुकानातून उचलून आणावा असे ते दिवस नव्हते. फ्रान्सच्या पॅरट कंपनीचा ड्रोन २०१० मध्ये आला आणि चीनच्या डीजेआयचा फँटम २०१३ मध्ये. चित्रपटातली पोरंही त्या यंत्राला हेलिकॉप्टरच म्हणतात.

जॉय इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. कॅमेरा बसवलेलं उडतं यंत्र हा त्याचा प्रोजेक्ट. वाहतुकीवर आणि सुरक्षेसाठी लक्ष ठेवायला ते उपयोगी पडेल, असं तो सांगतो. वडील आजारी पडल्यामुळे मध्ये त्याचं कामात मन लागलेलं नाही, म्हणून तो मुदत मागतो. कॉलेजचे संचालक विरू सहस्रबुद्धे, म्हणजे बोमन इराणी, मुदत तर देत नाहीतच, उलट त्याच्या वडिलांना फोन लावून मुलगा यंदा पास होणार नाही असं कळवून टाकतात. जॉय यंत्र कचऱ्याच्या डब्यात टाकतो. चित्रपटाचा नायक रँचो याच्या नजरेला ते पडतं, तो उचलून आणतो आणि दुरुस्तीला बसतो. मागे 'गिव्ह मी सम सनशाइन' चालू असतं. संगीत शांतनु मोइत्रांचं, शब्द स्वानंद किरकिरेंचे.

आमच्या सुरतेत हा फोनचा प्रसंग अधिक बोचतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूमवर कामाला आलेली हजारो मराठी घरं आहेत. बाप पाळीवर, पोरगा डिप्लोमाला नाहीतर इंजिनिअरिंगला, आणि घराण्यात त्या वाटेनं गेलेला तो पहिलाच. अशा घरी कॉलेजातून फोन येणं म्हणजे काय, हे इथल्या प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. हिराणी तो फोन लांबवत नाहीत. संचालकांच्या आवाजात रागही नाही, नुसती कार्यालयीन माहिती दिल्याचा सूर आहे, आणि त्यामुळेच तो अंगावर येतो. आरडाओरडा केला असता तर जॉयला निदान भांडता आलं असतं.

मग उड्डाण. इथे दिग्दर्शकानं काय केलंय ते सावकाश पाहण्यासारखं आहे. एक कॅमेरा चित्रपटाचा, तो खालून यंत्राकडे पाहतो. दुसरा यंत्राच्या पोटाशी बसवलेला, तो माणसांकडे पाहतो. या दोन नजरा आलटून पालटून येतात. खाली अंगणात पोरं माना वर करून उभी आहेत, होस्टेलच्या खिडक्यांतून पोरं बाहेर झुकलीत आणि यंत्र मजल्यामागून मजला चढतंय. सगळ्यांच्या तोंडावर एकच आनंद आहे, कारण एकाचं टाकून दिलेलं काम आता सगळ्यांचं झालंय. फक्त ज्याचं ते आहे तो अजून दिसलेला नाही. त्याला ते दाखवायचं म्हणूनच तर यंत्र त्याच्या खिडकीपाशी न्यायचं आहे. एव्हाना गाण्यानं आपल्याला इतकं सैल सोडलेलं असतं की खिडकीत काय असेल ही शंकासुद्धा मनात येत नाही.

आणि मग तिसरी चौकट येते, उडवणाऱ्यापाशी असलेल्या छोट्या पडद्याची. जॉयनं जीव दिलाय हे आधी त्या पडद्यावर कळतं. पात्रांना आणि आपल्याला ते एकाच क्षणी कळतं, कुणालाही आधी नाही. यंत्र बरोबर चाललंय. कॅमेरा बरोबर चाललाय. जॉयनं जे बनवायला घेतलं होतं ते पूर्ण झालंय, आणि त्या यंत्रानं जगाला दाखवलेलं पहिलं महत्त्वाचं दृश्य जॉयच्याच खोलीतलं आहे. यशाच्या शिखरावर शोक ठेवण्याची ही रचना नाटककाराची आहे. संकलनही हिराणींचंच असल्यानं आनंदातून धक्क्यात जाण्याचा क्षण त्यांनी अगदी नेमका धरलाय.

एक गोष्ट मात्र मला दर वेळी खटकते. भिंतीवर 'आय क्विट' लिहिलेलं दाखवायची गरज नव्हती. कॅमेऱ्यानं सांगून झालं होतं. तेच भिंतीनं पुन्हा सांगितल्यानं आधीची स्तब्धता थोडी पातळ होते.

पडद्यावरचं ते यंत्र खरोखर उडतं. ते मुंबईच्या आयडियाफोर्जचं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंह आणि आशीष भट यांनी २००७ मध्ये ही कंपनी काढली आणि तिचा सुरुवातीचा काळ संस्थेच्याच उद्योग-संगोपन केंद्रात गेला. म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या पोरांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात यंत्रही तशाच पोरांनी केलेलं होतं.

चार पंख्यांचं यंत्र जागच्या जागी तरंगवणं दिसतं तितकं सोपं नाही. चारांपैकी दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात आणि दोन उलट, म्हणून यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. वळायचं, झुकायचं, पुढे सरकायचं, सगळं या चार मोटरींचा वेग कमीजास्त करून. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ब्रेगे बंधूंनी असं एक यंत्र जमिनीपासून जरासं उचललं, तेव्हा ते कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. आज त्या चार माणसांचं काम तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक आणि एक चिप सेकंदाला शेकडो वेळा करतात. मोबाइल फोनमुळे असे संवेदक स्वस्त झाले. त्याला हलक्या लिथियम बॅटरीची जोड मिळाली आणि हे यंत्र होस्टेलच्या खोलीत जमवण्याजोगं झालं. चित्रपटात ते हवेत जो बारीक कंप घेत उभं राहतं त्यात हा सगळा हिशेब चाललेला असतो. त्या कंपाकडे जरूर लक्ष द्या.

पुढे याच कंपनीनं डीआरडीओच्या पुण्यातल्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' हा ड्रोन केला. वजन साधारण दीड किलो. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात ढगफुटीनंतर अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला तो वापरला गेला. जानेवारी २०२१ मध्ये लष्करानं कंपनीच्या 'स्विच' या टेहळणी ड्रोनसाठी सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला, आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला.

उत्तराखंडचा उल्लेख मी मुद्दाम केला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीनं सुरतेत आणलं आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. लोक वरच्या मजल्यांवर, अगाश्यांवर अडकून पडले. दिवे नाहीत, फोन बंद, कोणत्या इमारतीत कोण आजारी आहे, कुणाकडे तान्हं मूल आहे हे कळायला मार्ग नाही. हेलिकॉप्टरमधून अन्नाच्या पुड्या पडत, पण हेलिकॉप्टरला खिडकीशी येऊन आत पाहता येत नाही. जॉयच्या यंत्राला येतं. त्या पुरानंतर तीन वर्षांनी सुरतेतल्या थिएटरांत हा प्रसंग लोकांनी पाहिला. मजल्यामागून मजला चढत प्रत्येक खिडकीत डोकावणारी ती नजर या शहराला कधी हवी होती, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे.

एरवीही सुरत हे वर पाहणाऱ्यांचं शहर. सुरती मांजा प्रसिद्ध आहे, आणि १४ जानेवारीला इथे घरात कुणी सापडत नाही, सगळं गाव अगाशीवर. आता त्याच आकाशात पोलिसांचे ड्रोन असतात, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीवर ते फिरतात, २०२० च्या टाळेबंदीत गल्ल्यांवरून फिरले. जॉयनं सांगितलेले दोन्ही उपयोग खरे ठरले. शेतातला उपयोग त्यानं सांगितला नव्हता. उसाच्या पट्ट्यात पीक डोक्यावर गेलं की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं कठीण, पात्यांनी हात चिरतात आणि औषध नाकातोंडात जातं. दहा लिटरची टाकी घेतलेला ड्रोन तेच काम वरून करतो. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिलांच्या १५,००० बचत गटांच्या हाती असे ड्रोन द्यायचं ठरलं. या यंत्राचं याहून चांगलं काम मला दिसत नाही.

पण प्रसंगाचा गाभा अजून बाकी आहे. पडद्यावर जॉय दिसल्यावर पोरं काय करतात? जिन्याकडे धावतात. पाहणारा आणि पाहिला गेलेला यांच्यात फक्त एक जिना आहे. ७ ऑक्टोबर २००१ च्या रात्री अफगाणिस्तानात प्रीडेटर ड्रोननं क्षेपणास्त्र डागलं तेव्हा त्याचा पडदा अमेरिकेत होता, आणि पडद्यावरच्या माणसांकडे धावत जाईल असं तिथे कुणी नव्हतं. त्यानंतर हे अंतर वाढत गेलं आणि यंत्र स्वस्त होत गेलं. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखमध्ये तुर्की ड्रोननी रणगाडे टिपले. युक्रेनमध्ये तर जॉयच्या यंत्राचीच चुलत भावंडं, चार पंख्यांची, हातात मावणारी, एकेका सैनिकाच्या मागे लागतात, खंदकाच्या तोंडाशी येतात, मोडक्या घराच्या खिडकीतून आत शिरतात. खिडकी तीच, नजरही तीच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी मोठ्या संख्येनं ड्रोन उडाले. त्या ७ मेच्या संध्याकाळी नागरी संरक्षणाच्या सरावात सुरतेचे दिवे घालवले गेले. संक्रांतीला ज्या अगाशीवरून आकाशाकडे हौसेनं पाहायचं, तिथून त्या संध्याकाळी लोकांनी ते निराळ्या नजरेनं पाहिलं.

लष्करानं ड्रोन वापरू नयेत असं मी म्हणत नाही. बर्फाळ शिखरापलीकडे काय आहे हे पाहायला जवान पाठवण्याऐवजी 'स्विच' पाठवला तर एक जीव वाचतो, आणि तो आपल्याच कुणाच्या घरातला असतो. पण जॉयचा प्रसंग मनात ठेवून कुठलीही ड्रोनफीत पाहिली की मी एकच गोष्ट शोधतो. पडद्यापासून जिना किती लांब आहे? विसर्जनाच्या गर्दीत चेंगराचेंगरी दिसली तर हवालदार किती मिनिटांत पोचेल? पुरात अगाशीवर म्हातारी दिसली तर होडी निघेल का? रँचो आणि त्याचे मित्र धावले, तरी पोचेपर्यंत उशीर झालेला होता. हिराणींनी यंत्राला दोष दिलेला नाही, त्याचा गौरवही केलेला नाही. यंत्रानं आपलं काम चोख केलं. चुकलं ते आधी, मुदत नाकारणाऱ्या खोलीत, आणि त्या खोलीत कॅमेरा नव्हता. अंत्यविधीच्या वेळी रँचो संचालकांना हेच सुनावतो, पण माझ्या मते खिडकीच्या प्रसंगात ते आधीच सांगून झालेलं आहे, आणि जास्त चांगलं.

आज एसव्हीएनआयटी म्हणून ओळखली जाणारी अभियांत्रिकीची संस्था सुरतेत १९६१ पासून आहे, शिवाय खासगी कॉलेजं कितीतरी. तिथल्या अध्यापकांना माझी विनंती आहे. प्रोजेक्टच्या अंतिम तारखा लावण्याच्या आठवड्यात हा आठ-दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा पाहा, वडिलांना केलेल्या फोनपासून खिडकीपर्यंत. आणि एखादा मुलगा घरच्या अडचणीपायी मुदत मागायला दारात उभा राहिला, तर त्याला आधी बसायला सांगा.