रडणारा प्रेक्षक आणि शिट्टी मारणारा प्रेक्षक

सिनेमावर गंभीरपणे बोलणे आपल्या चळवळीत अजूनही हलके समजले जाते. कवितेवर चर्चासत्रे होतात, आत्मकथनांवर प्रबंध लिहिले जातात. पण ज्या पोरांच्या नावाने हे सारे चालते ती पोरे शुक्रवारी कोठे जातात, याची चौकशी करायला कोणाला सवड नसते. मी करी रोडला राहतो आणि गिरणी कामगारांच्या नातवंडांना मराठी शिकवतो. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी बाबुराव बागूल वाचले आहेत. 2025 च्या पावसाळ्यात मात्र त्यांनी एका महिन्यात तीन हिंदी चित्रपट पाहिले आणि त्यांवरून आपसात कडाक्याचे भांडण केले. 18 जुलैला लागलेला 'सैयारा', 1 ऑगस्टला लागलेला 'धडक 2' आणि 14 ऑगस्टला लागलेला 'वॉर 2'. पहिल्यात पोरे रडली, तिसऱ्यात त्यांनी शिट्ट्या मारल्या, मधला बहुतेकांनी पाहिलाच नाही. जे दोघे-तिघे गेले ते गप्प होऊन परत आले.

प्राध्यापकांच्या खोलीत या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला असतो. रडण्याचे सिनेमे बायकांचे, मारामारीचे मवाल्यांचे, आणि आपण दोहोंच्या वर. ही पांढरपेशी अभिरुची मला मान्य नाही. ज्याच्या घरात दार लावून बसायला स्वतंत्र खोली आहे त्याला तिकीट काढून रडणे हास्यास्पद वाटणारच. माझ्या आईने 'माहेरची साडी' 1991 साली तीनदा पाहिला. बी.डी.डी. चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची; तीत आम्ही आठ माणसे. "घरात रडले तर कोणी ना कोणी विचारायचे, काय झाले? तिथे कोणी विचारीत नव्हते," असे ती सांगते. अश्रूंच्या सिनेमाचे याहून नेमके समर्थन मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. अंधार, अनोळखी शेजार आणि तीन तासांची सवलत! आज तिच्या नातवाच्या वयाचा पोरगाही हेच विकत घेतो. 'सैयारा' पाहून हुंदके देणाऱ्या तरुणांची सर्वत्र चेष्टा झाली. मला त्या पोरांची चेष्टा करवत नाही. पुरुषाने रडू नये हा दंडक आपल्या वस्तीतही तेवढाच कडक आहे, आणि तो मोडायला एखादा सामान्य चित्रपट निमित्त झाला तर झाला.

पण रडे कोणासाठी, हा प्रश्न राहतोच. 'सैयारा'तला नायक कपूर, नायिका बत्रा. तिला ऐन तारुण्यात स्मृतिभ्रंश होतो. दुःख खरे आहे, अभिनयही खोटा नाही. परंतु आजाराचे दुःख हे बिनधोक दुःख असते. त्याला आरोपी नसतो. प्रेक्षकाने मनसोक्त रडावे आणि उठून जावे. बाहेर पडल्यावर कोणाकडे रोखून पाहण्याची गरज नाही. 'माहेरची साडी'त निदान छळ करणारी माणसे समोर होती, जरी त्या छळाचे मूळ माणसांच्या स्वभावावर ढकलून घर नावाची व्यवस्था सहीसलामत सोडली होती. दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह असा क्रम सांगितला. अश्रूंचा बाजार पहिल्या पायरीवर दुकान थाटतो आणि पुढचा जिना काढून नेतो.

मग मारामारीचा सिनेमा विद्रोहाचा म्हणावा काय? माझ्या वडिलांची पिढी तसे मानीत होती. 'जंजीर' 1973 चा, 'दीवार' जानेवारी 1975 चा. या दोहोंच्या मध्ये काय घडले ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली आणि 10 जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्च्यावर इमारतीवरून झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव मारला गेला. रस्त्यावर खरा संताप होता, त्याला खरी नावे होती. वर्षभराने पडद्यावर जो संतप्त तरुण आला तो गोदीतला हमाल होता, हप्ता नाकारणारा होता, त्याचा बाप संप मोडायला भाग पाडलेला कामगार पुढारी होता. गिरणगाव त्याच्यावर फिदा झाले यात नवल नाही. मात्र त्याचे आडनाव वर्मा होते. 'जंजीर'मधला खन्ना. कामगाराचे हात घेतले, त्याचा राग घेतला, नि जात तेवढी बाहेर ठेवली.

तरीही 'दीवार'ला मी वरचा मान देतो. त्यातला विजय कायद्याच्या बाहेर उभा आहे आणि तसा तो का उभा राहिला याचा हिशेब चित्रपट देतो. शिवाय तो मरतो कोठे? देवळात, आईच्या मांडीवर. ज्यांनी दोन तास शिट्ट्या मारल्या तेच शेवटी डोळे पुसत होते. म्हणजे हे दोन प्रकार वाटतात तेवढे वेगळे नाहीत. मारामारीचा सिनेमा हा पुरुषांना परवडणारा रडण्याचा सिनेमा आहे. ('शोले'त जय मरतो तेव्हाही हेच.) 'वॉर 2'मध्ये मला हे दिसले नाही. तिथला नायक सरकारी हेर आहे. त्याच्या हातातली बंदूक सत्तेने दिलेली, त्याला भाडे थकल्याची चिंता नाही, त्याला हप्ता मागणारा मुकादम नाही. पन्नास वर्षांत संताप सरकारी नोकरीत लागला! 'सैयारा' आणि 'वॉर 2' एकाच कंपनीचे आहेत हेही नोंदवले पाहिजे. अश्रू आणि घाम दोन्ही माल एकाच गोदामातून येतात. त्या वर्षी अश्रूंना उठाव जास्त होता, एवढेच.

आमची पोरे हे पाहायला जातात ते लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये. मराठी चित्रपटांसाठी ओळखला गेलेला 'भारतमाता' हाकेच्या अंतरावर असताना. पण त्यावर हळहळण्यात अर्थ नाही, पोरांना थंड हवा हवी असते.

आता 'धडक 2'. मारी सेल्वराजच्या 2018 च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटाचा हा हिंदी अवतार. नायकाचे आडनाव अहिरवार, तो कायदा शिकणारा, आणि त्याचे दुःख कोणी दिले हे चित्रपट सांगतो. सेन्सॉर मंडळाने त्यात अनेक बदल करायला लावले. कलाकृती म्हणून तो मूळ चित्रपटाच्या जवळपासही जात नाही, नायकाचा चेहरा रंगवून सावळा करण्याची युक्ती तर मला अपमानास्पद वाटली. पण तो पाहून परतलेली माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, रडू आले नाही. राग आला. मग घरी गेल्यावर रडू आले." हा उलटा क्रम विचार करण्याजोगा आहे. 2016 च्या 'सैराट'ने तो साधला होता. नागराज मंजुळे दीड-दोन तास प्रेक्षकाला नाचवतो, आणि शेवटी आवाजच काढून घेतो. रक्ताने भरलेली लहान पावले उमटतात तेव्हा रडायला संगीताची मदत मिळत नाही. त्याच कथेची हिंदी 'धडक' 2018 साली आली तेव्हा जात पुसट झाली, आणि अश्रू पुन्हा बिनधोक झाले.

'फँड्री'तला जब्याही प्रेमातच पडलेला पोरगा आहे. शाळेतल्या मुलीसमोर डुक्कर पकडावे लागते, यात मारामारी नाही नि आजारही नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखे करणारे सारे काही आहे. शेवटी तो दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याकडे येतो. वर्गात हा चित्रपट दाखवला तेव्हा एका मुलाने शिट्टी मारली. बाकीच्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले. त्याचे डोळे ओले होते, पण ते त्याने कोणाला कबूल केले नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर 'फँड्री' आणि 'दीवार' लागोपाठ दाखवून चर्चा ठेवायचे ठरवले आहे. मुलींनी 'माहेरची साडी'ही मागितला आहे. मुले नाके मुरडताहेत.