किशोरकुमार : नटाचा गळा

गायकनट म्हणजे काय, हे मराठी रसिकाला शिकवावे लागत नाही. केशवराव भोसले, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्या रंगभूमीने आपल्याला त्याची एक पारख देऊन ठेवली आहे. पद गाताना भूमिका सुटू नये आणि भूमिकेच्या भरात सूर ढळू नये, ही ती पारख. किशोरकुमारची कारकीर्द या कसोटीवर घासून पाहावी असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण त्याच्याविषयीचे एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याची शहानिशा करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ते मत असे : किशोरकुमार हा जन्माचाच गायक, थोरल्या भावाच्या आग्रहामुळे तो नट झाला, त्या धांदलीत त्याची वीस वर्षे वाया गेली, आणि अखेर १९६९ साली 'आराधना'ने त्याला त्याच्या खऱ्या घरी आणून सोडले. हे मत ऐकायला गोड आहे. पण ते पटण्यासारखे नाही.

४ ऑगस्ट १९२९ रोजी खांडव्यास जन्मलेला आभासकुमार गांगुली मुंबईस आला तो अशोककुमारचा धाकटा भाऊ म्हणून. १९४६ च्या 'शिकारी'त तो पडद्यावर दिसला आणि १९४८ च्या 'जिद्दी'त खेमचंद प्रकाशांनी त्याला देव आनंदसाठी गायला लावले. ते गाणे आज ऐकावे, तर त्यात किशोरकुमार फारसा सापडत नाही. सापडतो तो सैगल! गळा मोकळा आणि गोड आहे. पण ढंग सारा उसना. सैगलची नक्कल सोडून स्वतःचे गा, असे सचिनदेव बर्मन यांनी त्याला बजावल्याचे प्रसिद्धच आहे. पण स्वतःचे म्हणजे काय? शास्त्रोक्त तालीम तर त्याला मिळालेली नव्हती. घराण्याची शिदोरी ज्याच्यापाशी नाही, त्याने आपली शैली आणावी तरी कोठून? माझे उत्तर असे की, ती त्याने नटाच्या अंगभूत खोड्यांतून आणली.

'चलती का नाम गाडी' (१९५८) मधला तो मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातला प्रसंग आठवा. पावसात भिजलेली मधुबाला समोर बसली आहे आणि हा अवजारांवर ठेका धरून गात आहे. गाण्यात तो कधी थबकतो, कधी चिडवतो, कधी अर्धा शब्द गिळून टाकतो. हे अलंकार कोणत्या गवयाने शिकवलेले नाहीत. ते डोळ्यांच्या आणि खांद्यांच्या हालचालींतून गळ्यात उतरले आहेत. 'हाफ टिकट' (१९६२) मध्ये तर त्याने बाईचा वेष घेऊन एका द्वंद्वगीतातले स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज स्वतःच काढले. आणि विदूषकाला करुण रस पेलत नाही असे म्हणावे, तर 'दूर गगन की छाँव में' (१९६४) आहे. लढाईहून परतलेला शिपाई आणि त्याचा वाचा गमावलेला मुलगा यांची ही कथा. ती दिग्दर्शित करून, तिला संगीत देऊन, बापाची भूमिकाही त्यानेच केली. मूल बोलू शकत नाही तेव्हा बापाच्या आवाजाला दोघांचे ओझे वाहावे लागते, आणि त्याचा आवाज ते वाहतो.

अर्थात भाबडे कौतुक करण्यात अर्थ नाही. त्याच्या अनेक चित्रपटांची वीण सैल आहे. खोडकरपणा कोठे थांबवावा, हे त्याला पुष्कळदा उमगत नसे. रागदारीच्या वाटेवर संगीतकारांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हेही खरे. 'रागिणी'त (१९५८) पडद्यावर नायक तो, आणि शास्त्रीय बाजाच्या गाण्याला गळा मात्र महंमद रफींचा, असा चमत्कारिक प्रकार घडला.

या चमत्काराचे उट्टे निघाले ते 'पडोसन'मध्ये (१९६८). सुनील दत्तचा भोळा नायक खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो, आणि आड दडलेला त्याचा गुरू विद्यापती त्याच्यासाठी गातो. हा गुरू किशोरकुमार! पार्श्वगायनाचे सारे मर्म या एका विनोदी प्रसंगात उघडे पडले आहे. विद्यापती नुसते सूर पुरवीत नाही. पुढे उभ्या असलेल्या माणसाची सारी भूमिका तो आडून करीत असतो.

पुढच्याच वर्षी 'आराधना' आला आणि राजेश खन्नाच्या रूपाने विद्यापतीला आयुष्यभराची खिडकी मिळाली. 'फिल्मफेअर'ने त्याला आठ वेळा पार्श्वगायनाचे पारितोषिक दिले. पहिले १९७० साली 'आराधना'साठी, शेवटचे १९८६ साली 'सागर'साठी. मधली नावे पाहा. 'अमानुष'मधला उद्ध्वस्त पुरुष, 'डॉन'मधला पान खाऊन रंगात आलेला गडी, 'शराबी'तला श्रीमंत व्यसनी. ही गाण्यांची यादी आहे की भूमिकांची? उत्तमकुमार वेगळा, अमिताभ वेगळा, ऋषी कपूर वेगळा. आणि प्रत्येकासाठी गळा तोच असूनही माणूस निराळा. वीस वर्षांची नटाची मेहनत मागे नसती, तर हे साधले नसते. म्हणूनच ती वर्षे वाया गेली नाहीत. या आठ पारितोषिकांची ती पूर्वतयारी होती. मात्र परीक्षकांनी मान दिला तो गळ्याला. नट बिनबिदागीचा राहिला.

सरकारदरबारची कथा याहून कोरडी आहे. रफींना १९६७ साली आणि मन्ना डे यांना १९७१ साली पद्मश्री मिळाली. किशोरकुमारला एकही पद्म सन्मान मिळाला नाही. उलट आणीबाणीत सरकारी प्रचाराला सहकार्य न केल्याबद्दल १९७६ साली त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. रसिकांनी मात्र त्याला क्षणभरही बंद केले नाही. मराठी घरांतही तो नुसता पाहुणा राहिला नाही. सचिनच्या 'गंमत जंमत'मध्ये (१९८७) तो अनुराधा पौडवाल यांच्याबरोबर मराठीत गायला, आणि ते गाणे आजही लग्नसमारंभांत हौसेने वाजते.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तो गेला. अंत्यसंस्कार त्याच्या आवडत्या खांडव्यातच झाले. पुढे मध्यप्रदेश शासनाने त्याच्या नावाने एक राष्ट्रीय सन्मान सुरू केला. गंमत अशी की, गायनासाठी त्या राज्याचा लता मंगेशकरांच्या नावाचा पुरस्कार आधीपासूनच होता. त्यामुळे किशोरकुमारच्या नावाचा सन्मान अभिनय, दिग्दर्शन, पटकथा आणि गीतलेखन यांसाठी दिला जातो. हयातीत ज्या नटाकडे पारितोषिकांनी पाठ फिरवली, त्याचे श्रेय असे आडवाटेने का होईना, त्याच्या गावी पोचले आहे.