अवघड शब्दांची गोडी

दिवाळीत घरोघरी फराळाबरोबर मुलांसाठी पुस्तकेही येतात. असे पुस्तक हाती आले की गोष्ट वाचण्यापूर्वी मी शेवटचे पान उघडतो. तेथे 'कठीण शब्दांचे अर्थ' अशी चौकट दिसली की माझ्या मनात पाल चुकचुकते. गोष्ट संपली, आता अभ्यासाला बसा, असेच ती चौकट मुलाला बजावत असते.

बालवाङ्मयाची पारख आपण पुष्कळ अंगांनी करतो. चित्रे कशी आहेत, बोध काय आहे, टाइप ठळक आहे की नाही, हे सारे पाहतो. पुस्तकाने मुलाच्या तोंडी एखादा नवा शब्द ठेवला का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते हाच प्रश्न पहिला असावा. या कसोटीवर आपली पुष्कळशी पुस्तके दोन तऱ्हांनी नापास होतात. काही लेखक अवघड शब्द भातातल्या खड्यासारखा वेचून टाकतात. गोष्ट गुळगुळीत होते आणि बेचवही होते. काही लेखक शब्द ठेवतात, पण जणू क्षमा मागत, त्याचा अर्थ चौकटीत बांधून. दोघांचाही समज एकच, की जो शब्द मुलाला कळत नाही तो त्याला आवडणार नाही.

हा समज किती खोटा आहे, हे आपल्या चांदोबाच्या गाण्यावरूनच दिसते. 'भागणे' म्हणजे थकणे, हे तीन वर्षांच्या बाळाला कोणी सांगितलेले नसते. निंबोणी म्हणजे लिंबाचे झाड की कडुनिंब, यावर मोठी माणसेही वाद घालतात. 'चिरेबंदी' वाडा तर चाळीत आणि फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने पाहिलेला नसतो. तरी पिढ्यान्‌पिढ्या मुले ते गाणे म्हणत आली. शब्द आधी कानाला गोड लागतो, मग जिभेवर घोळतो, आणि अर्थ मागाहून, आपल्या सवडीने येतो. मूल शब्दाशी आधी खेळते. आपण मात्र त्याची ओळख परीक्षकासारखी करून देतो.

सोप्या शब्दांचा कैवार घेणारे अमेरिकेकडे बोट दाखवतील. तेथे 1957 साली डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट' निघाले. साऱ्या पुस्तकात निरनिराळे शब्द अवघे 236! पुस्तक फर्मास आहे, यात शंका नाही. त्याचा ठेका आणि वात्रटपणा मुलांना सोडवत नाही. पण ते लिहिले गेले नुकतेच स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी. अक्षराला अक्षर जुळवताना शब्द थोडे असणे हे उपकारकच. ऐकण्याची गोष्ट निराळी. लहान वयात कान डोळ्याच्या पुष्कळ पुढे असतो. जे मुलाला वाचता येत नाही, ते त्याला ऐकून सहज उमगते. वाचनाची मर्यादा श्रवणावर लादणे म्हणजे रांगणाऱ्याला कडेवर घेऊनही खिडकीबाहेर पाहू न देणे होय.

इंग्लंडात बीअट्रिक्स पॉटर यांनी 1909 साली सशाच्या पिलांची एक गोष्ट लिहिली. तिच्या अगदी आरंभी त्यांनी 'सोपोरिफिक' असा भारदस्त शब्द बेधडक घातला. अर्थ, झोप आणणारा. पुढे ती पिले लेट्यूसचा पाला भरपेट खातात आणि तेथेच झोपी जातात. शब्दाचा अर्थ गोष्टच सांगून टाकते; चौकट लागत नाही. ही खरी कारागिरी.

आपल्याकडे अशी दृष्टी नव्हती असे नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले. 'मराठी शब्दरत्नाकर' हा कोश रचणारेही तेच. मुलांचा संपादक आणि कोशकार एकाच देही नांदावेत, हे मला फार सूचक वाटते. ज्याच्यापाशी शब्दांचे कोठार आहे, त्यानेच मुलांना मूठभर वाटावे. पुढे विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' (1963) लिहून आणखी एक पाऊल टाकले. कोणत्याही कोशात न सापडणारा शब्द त्यांनी थेट नावातच बसवला, आणि मुलांनी तो विनातक्रार आपला केला. न ऐकलेल्या शब्दाला मूल घाबरत नाही, याहून निराळा पुरावा कशाला हवा?

आता कोणी म्हणेल, एवढ्या शब्दांचे करायचे काय? फराळाच्या ताटाकडे पाहा. चकली कुरकुरीत, करंजी खुसखुशीत, अनारसा जाळीदार, रव्याचा लाडू रवाळ, चिवडा खमंग. ही पाच विशेषणे ज्या मुलापाशी आहेत, ते पाच चवी निरनिराळ्या चाखते. ज्याच्यापाशी एकटे 'मस्त' आहे, त्याचे ताट भरलेले असूनही भाषा उपाशी राहते. हीच गत पावसाची, रागाची, मायेची. रुसलेल्या मुलाला 'हिरमुसणे' हा शब्द मिळाला, तर आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगता येते. नाहीतर ते पाय आपटते.

यासाठी आईबापांनी पंडित होण्याचे कारण नाही. रोज एक गोष्ट मोठ्याने, हावभावासह वाचावी. अवघड शब्द आला तर अडखळू नये, पण गिळूही नये. तो चवीने उच्चारावा. मुलाने विचारले तर अर्थ अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जावे, न विचारले तर सांगूच नये. आणि 'सांग पाहू अर्थ' अशी उलटतपासणी तर मुळीच करू नये. करंजीची कातण, चकलीचा सोऱ्या, तळणाचा झारा मुलाच्या हाती द्यावा, म्हणजे शब्दही हाताला लागतो. रात्री कोडी घालावीत, भेंड्या लावाव्यात.

आणि पुस्तक घेताना दुकानातच त्याची दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. दोन दिवसांनी मुलाने उगीचच, जिन्यावरून उतरताना गुणगुणावा असा एक तरी शब्द त्या पानांत सापडला, तर ते पुस्तक खुशाल घ्यावे. एकही न सापडला, तर चित्रे कितीही देखणी असोत, ते तेथेच ठेवावे आणि दुसरे उचलावे.